राम सुतार आणि महाकाय पुतळ्यांचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिल्पकार राम सुतार गेले, तेव्हापासून त्यांच्याबद्दल आणि मोठ्या पुतळ्यांबद्दल सारखे प्रश्न येत आहेत. काही शाळकरी मुलांचे आहेत, काही गावोगावच्या पुतळा समित्यांचे. आयुष्य आणि काम वेगळं काढता येत नाही, म्हणून दोन्हींची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

राम सुतार मूळचे कुठले?

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे. जन्म १९ फेब्रुवारी १९२५. वडील वनजी हंसराज सुतारकाम करायचे, त्यामुळे हत्यारं घरातच होती. राम यांच्या हातातला गुण श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकांनी ओळखला आणि त्यांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. तिथे १९५३ मध्ये मॉडेलिंगसाठी मेयो सुवर्णपदक मिळालं. डिसेंबर २०२५ मध्ये नोएडात, वयाची शंभरी पार केल्यावर त्यांचं निधन झालं.

पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६), टागोर सांस्कृतिक सद्भाव पुरस्कार आणि २०२४ चा महाराष्ट्र भूषण हे त्यांचे मुख्य सन्मान.

ते थेट मोठे पुतळेच करू लागले का?

नाही, आणि त्यांच्या आयुष्यातला हा भाग लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. १९५४ ते १९५८ या काळात ते पुरातत्त्व खात्यात, औरंगाबादला होते. अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या, तुटलेल्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम त्यांच्याकडे होतं. अशा कामात स्वतःची शैली बाजूला ठेवावी लागते. खांदा कुठून वळतो, वस्त्राची चुणी कुठे संपते, हे जुन्या कारागिराच्या डोक्यात शिरून पाहावं लागतं. पुढच्या सत्तर वर्षांच्या कामाचा पाया आमच्या मते तिथे घातला गेला.

त्यानंतर दिल्लीत माहिती आणि प्रसारण मंत्रालयात थोडा काळ नोकरी केली आणि १९५९ च्या सुमारास ती सोडून ते स्वतंत्र शिल्पकार झाले.

त्यांचं पहिलं भव्य काम कोणतं?

मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यात गांधीसागर धरणावर असलेली ४५ फुटी चंबळ देवी. शेजारची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान, एकाच नदीचं पाणी पिणारी भावंडं. ही मूर्ती ओतलेली नाही. काँक्रीटचा प्रचंड ठोकळा उभा करून तो छिन्नीने कोरला आहे. काँक्रीट कोरणं दगडाहून वाईट. दगडाला पोत असतो, तो सांभाळून टाचता येतो. काँक्रीटमध्ये छिन्नी एकदा सिमेंटवर पडते, लगेच पुढे खडीवर. खडी उखडली की तिथे खड्डा, आणि कोरीव कामात काढलेला भाग परत लावता येत नाही.

त्यांची आणखी कोणती कामं पाहायला मिळतात?

संसदेच्या आवारात ध्यानस्थ बसलेले महात्मा गांधी (अनावरण १९९३) आणि १८ फुटी शिवाजी महाराज (२००३). २०२४ पासून तिथले पुतळे प्रेरणास्थळावर एकत्र ठेवले आहेत. कुरुक्षेत्राच्या ब्रह्मसरोवरावरचा कृष्णार्जुनाचा रथ, अमृतसरचे अश्वारूढ महाराजा रणजितसिंह, पाटण्याच्या गांधी मैदानातला दोन मुलांसह उभा ४० फुटी गांधींचा पुतळा, बंगळुरू विमानतळावरचा १०८ फुटी केम्पेगौडा (२०२२). गोव्यात काणकोणजवळ पर्तगाळी मठातला ७७ फुटी श्रीराम २०२५ मध्ये उभा राहिला. गांधींचे त्यांनी केलेले अर्धपुतळे तर देशोदेशी पोहोचले आहेत. अलीकडची मोठी कामं त्यांनी आणि त्यांचे चिरंजीव अनिल सुतार यांनी मिळून केली. मुंबईत इंदू मिलच्या जागेसाठीचा डॉ. आंबेडकरांचा ३५० फुटी पुतळा (खाली १०० फुटी पादपीठ) हेही त्यांचंच काम.

१८२ मीटरचा पुतळा एक माणूस कसा घडवतो? मग बाकीचे शेकडो लोक काय करतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

शिल्पकार घडवतो तो छोटा पुतळा. स्टॅच्यू ऑफ युनिटीसाठी (नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा) सुतारांनी आधी ३ फुटांचं, मग १८ फुटांचं आणि मग ३० फुटांचं प्रारूप केलं. शेवटचं पक्कं झाल्यावर त्याचं त्रिमितीय स्कॅनिंग झालं, आणि त्या मोजमापांवरून ब्राँझचे पत्रे ओतले गेले. अभियांत्रिकी आणि बांधकाम लार्सन अँड टुब्रोकडे होतं.

आता हिशेब करा. १८२ मीटर म्हणजे सुमारे ५९७ फूट. ३० फुटांच्या प्रारूपाच्या जवळजवळ वीसपट, ३ फुटांच्या प्रारूपाच्या दोनशेपट. तीन फुटी मातीत पापणीची कड एक मिलिमीटर खाली गेली आणि ती तशीच पुढे नेली, तर नर्मदेकाठी ती २० सेंटिमीटर खाली जाईल. मोठं करणारं यंत्र चूक ओळखत नाही, तिला फक्त मोठी करतं. म्हणून मधले टप्पे घ्यावे लागतात. तीन फुटांवर जे डोळ्याला खटकत नाही ते अठरा फुटांवर खटकतं, अठरावर सुटलेलं तिसावर सापडतं, आणि दर टप्प्यावर शिल्पकार पुन्हा मातीला हात लावतो. खर्च वाचवायला मधला टप्पा गाळला की चेहरा फुगीर आणि भावशून्य होतो. तसे पुतळे आपल्या चौकाचौकांत आहेत, आणि ते पाहताना वाईट वाटतं.

सरदारांचा पुतळा भरीव आहे का?

नाही. आत काँक्रीटचे दोन गाभे आहेत, त्यांच्याभोवती पोलादी सांगाडा आणि बाहेरून ब्राँझच्या पत्र्यांचं आवरण. गाभ्यांतून लिफ्ट वर जाते. १५३ मीटर उंचीवर एका वेळी २०० माणसं मावतील असं दालन आहे. खरी अडचण पायांची होती. धोतर आणि चपला घालून चालण्याच्या पवित्र्यात उभा असलेला माणूस खाली अरुंद असतो आणि खांद्याशी रुंद. इमारत नेमकी उलटी असते. त्यात दोन पायांमधल्या फटीतून वारा शिरतो. झोके आवरण्यासाठी आत प्रत्येकी २५० टनांची दोन डोलती वजनं बसवली आहेत. पुतळा एकीकडे झुकू लागला की ती उलट दिशेला ओढतात.

ब्राँझमध्ये ८५ टक्के तांबं आणि जस्त, कथील, शिसं प्रत्येकी ५ टक्के असं मिश्रण आहे. पत्र्यांचं ओतकाम चीनमधल्या कारखान्यात झालं. सुमारे १,७०० टन ब्राँझ ठरावीक मुदतीत ओतायचं होतं. शिल्प सुतारांचं, ओतकाम दुसऱ्याचं, यात गैर काही नाही. शिल्पकार आणि ओतारी हे आपल्याकडेही पूर्वीपासून वेगळे होते.

आमच्या गावात १० फुटी पुतळा करायचा आहे. मातीपासून ओतकामापर्यंत नेमकं काय होतं?

आधी लोखंडी सांगाडा. दहा फुटी उभ्या पुतळ्याला टनभर ओली माती लागते, म्हणून मधला पाइप दोन-तीन इंचांचा आणि तळाला पक्का वेल्ड केलेला हवा. हातांसाठी दहा-बारा मिलिमीटरच्या सळ्या. सळ्यांवरून तारेने छोटे लाकडी क्रॉस लोंबते बांधतात. ते मातीत रुतून बसतात आणि माती खाली घसरत नाही. हे क्रॉस कमी पडले तर रात्रीतून छातीची माती इंचभर उतरते आणि सकाळी गळा लांब झालेला दिसतो.

माती शाडूची किंवा चिकण, चांगली मळलेली. काम थांबलं की ओलं फडकं आणि वरून प्लास्टिक. एकदा तडकली की त्या भागावर पुन्हा विश्वास ठेवता येत नाही.

मातीकाम मंजूर झाल्यावर साचा. पूर्वी सरसकट प्लास्टरचा घ्यायचे. मातीत पत्र्याच्या पट्ट्या खोचून भाग पाडायचे आणि पहिला थर रंग मिसळलेल्या प्लास्टरचा द्यायचा, म्हणजे पुढे साचा फोडताना रंग दिसला की छिन्नी आवरायची. आता बहुधा सिलिकॉन रबर आणि त्यावर फायबरचं कवच. रबरात नखाएवढी रेषाही उतरते. या साच्यातून फायबरची किंवा प्लास्टरची प्रत काढतात आणि तिच्यावर शेवटचा हात फिरवतात.

मग मेण. या प्रतीवरून घेतलेल्या साच्याच्या आत पाच-सहा मिलिमीटर जाडीचा मेणाचा थर देतात. मेणाची जाडी तीच उद्याच्या ब्राँझची जाडी, म्हणून इथे घाई नको. मेणाच्या आत प्लास्टर आणि विटांच्या पुडीचा गाभा भरतात. गाभा जागचा हलू नये म्हणून मेणातून आरपार खिळे मारतात. धातू आत शिरायला आणि हवा बाहेर पडायला मेणाच्याच कांड्या जोडतात. या सगळ्यावर बाहेरून पुन्हा त्याच मिश्रणाचा जाड लेप.

आता भट्टी. साचा हळूहळू ६००-७०० अंशांपर्यंत तापवतात. आकार मोठा असेल तर कित्येक दिवस लागतात. मेण वाहून जातं आणि गाभ्यातलं पाणी उडतं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बाहेरून साचा कोरडा दिसतो, गाभ्यात ओल राहिलेली असते, आणि त्यावर ११०० अंशांचा रस पडला की वाफ उसळते. नशीब चांगलं असेल तर पत्र्यावर सुईसारखी भोकं पडतात, नसेल तर रस तोंडातून उलटा उडतो. ऐन पावसाळ्यात मोठं ओतकाम काढू नये ते यासाठी.

दहा फुटी पुतळा सहसा एका ओतीत होत नाही. डोकं, धड, हात, पाय वेगळे ओततात आणि त्याच मिश्रधातूच्या कांडीने जोडतात. सांधे घासून, छिन्नीने पोत पुन्हा उठवून एकजीव करतात. जोडाची रेघ उन्हात वेगळ्या रंगाने दिसत असेल तर समजा, कांडी दुसऱ्या धातूची होती. शिल्पकार विनायक करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी (१९२८) एकसंध ओतला गेला होता. तेव्हाची साधनं पाहता त्या कामापुढे आजही हात जोडावेसे वाटतात.

ब्राँझ थंड होताना आकसतं म्हणतात. मग पुतळा लहान होतो का?

होतो. साधारण दीड टक्का. १२० इंचांत जवळजवळ दोन इंच. करारात दहा फूट लिहिले असतील तर माती सव्वादहा फुटांच्या आसपास धरावी, नाहीतर मोजणीच्या दिवशी वाद होतात.

वजन किती भरतं? ठेकेदाराचा आकडा खरा आहे हे कसं तपासायचं?

सहा मिलिमीटर जाडीचं एक चौरस मीटर ब्राँझ सुमारे ५३ किलो भरतं. दहा फुटी उभ्या, साध्या पोशाखातल्या पुतळ्याचं पृष्ठफळ आठ चौरस मीटरच्या आसपास असतं. म्हणजे निव्वळ पत्रा सव्वाचारशे किलो, वर जोड, जाड भाग आणि आतला सांगाडा. शाल, अंगरखा, चुण्या वाढल्या की आकडा चढतो. उंची दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होतं, शिवाय पत्रा जाड घ्यावा लागतो. वीस फुटी पुतळा दहा फुटीच्या दुप्पट भावात बसवून देतो असं कोणी म्हणालं, तर तो कुठेतरी धातू कमी घालणार आहे. ओतकाम झाल्यावर धर्मकाट्यावर वजन करून पावती घ्या. मिश्रधातूचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या.

खालून पाहताना डोकं लहान का दिसतं?

पुतळ्याच्या उंचीएवढ्या अंतरावर उभं राहिलं तर नजर ४५ अंश वर जाते. तिथून हनुवटी मोठी, कपाळ आखूड आणि डोकं धडाच्या मानाने लहान दिसतं. जाणता शिल्पकार डोकं आणि खांदे मुद्दाम थोडे मोठे धरतो आणि मान किंचित पुढे झुकवतो. मातीकाम उंच स्टँडवर चढवून, स्वतः खाली बसून पाहतो. डोळ्यांत बुबुळ खोल कोरून वरच्या बाजूला एक छोटा उंचवटा ठेवतो. खाचेत सावली साठते, उंचवट्यावर ऊन चमकतं आणि लांबूनही नजर जिवंत वाटते.

म्हणून मातीकाम मंजूर करायला जाताना समितीने फक्त समोरून, बरोबरीच्या उंचीवरून फोटो काढून परत येऊ नये. जमिनीवर बसून पाहा. डोकं जरा मोठं वाटलं म्हणून लहान करायला लावू नका. बारा फुटी चबुतऱ्यावर चढल्यावर ते बरोबर दिसणार असतं.

पुतळ्याचं तोंड कुठल्या दिशेला असावं?

जागा मोकळी असेल तर पूर्वेला. महाराष्ट्रात वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तराभिमुख चेहरा दिवसभर काळाच दिसतो. रस्त्याच्या सोयीसाठी दिशा ठरवली जाते आणि मग वर्षभर फोटोत चेहरा येत नाही.

घोड्याचे दोन पाय वर म्हणजे रणांगणात मृत्यू, एक वर म्हणजे जखमी, हे खरं का?

नाही. असा कोणताही नियम नाही. पाय ठरतात ते तोल पाहून. चार पाय टेकलेले असतील तर भार चार ठिकाणी वाटला जातो. दोन वर उचलले की सगळं वजन मागच्या दोन पायांवर आणि शेपटीवर येतं, मग शेपटीतून पोलादी खांब चबुतऱ्यात उतरवावा लागतो.

मालवणला पुतळा का पडला?

राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. चौकशीत आतल्या सांगाड्याची कमजोरी, गंज आणि सदोष वेल्डिंग ही कारणं पुढे आली. त्या जागी सुतारांच्या कार्यशाळेने केलेला नवा ६० फुटी पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला.

खाऱ्या हवेत साधं लोखंड आणि ब्राँझ एकमेकांना टेकले की त्यांच्यात विद्युत प्रवाह सुरू होतो आणि लोखंड खाल्लं जातं. वरचं ब्राँझ नव्यासारखं चमकत असतं, आतला बोल्ट मात्र संपलेला असतो. किनाऱ्यावर ३१६ प्रतीच्या खालचं स्टेनलेस स्टील वापरू नये. दोन धातूंच्या मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती हवीच. पावलांजवळ पाणी निघून जायला भोकं हवीत. ही भोकं बसवणारे लोक सिमेंटने बुजवून टाकतात, कारण ती त्यांना चुकून राहिलेली वाटतात. आत माणूस शिरेल एवढं झाकण ठेवा. ज्या पुतळ्याच्या आत जाता येत नाही, त्याची तपासणी होत नाही.

फायबरचा पुतळा चालेल का?

घरात, सभागृहात चालेल. उघड्यावर ऊन त्याला काही वर्षांतच ठिसूळ करतं, आणि ब्राँझसारखा दिसणारा रंग पापुद्र्यांनी सुटतो. चौकासाठी घेऊ नये.

परवानगी कुणाची लागते?

महाराष्ट्रात स्थानिक संस्थेचा ठराव, जागेची मालकी, पोलीस आणि बांधकाम विभागाच्या हरकती, देखभालीची हमी आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मंजुरी. शिवाय मातीच्या प्रारूपाला कला संचालनालयाची मान्यता. ही मान्यता ओतकामाच्या आधी घ्यायची असते. ओतून झाल्यावर हरकत आली तर दुरुस्ती म्हणजे पुतळा कापणं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर नवे पुतळे उभारायला मनाई केली आहे, म्हणून 'चौकाच्या मधोमध' हा आग्रह सोडा आणि आधी जागा पक्की करा.

किती वेळ धरायचा?

दहा फुटी पुतळ्याला मातीकाम, मान्यता, ओतकाम, चबुतरा मिळून वर्षभर. जयंतीची तारीख ठरवून उलटं मोजत आलं की भट्टीचेच दिवस कापले जातात.

पुतळा हिरवा पडला. घासून चमकवायचा का?

अजिबात नाही. तपकिरी-हिरवा घट्ट थर हे ब्राँझचं कातडं आहे, ते आतला धातू वाचवतं. मुळातला तपकिरी रंगही रसायन आणि ज्योत वापरून मुद्दाम चढवलेला असतो. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी तो एका दुपारी निघून जातो. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी पुटं दिसली तर तो क्षारांचा रोग आहे. जाणकाराला बोलवा.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. तैलरंग किंवा सोनेरी रंग कधीही लावू नका. चुण्या आणि नाकाच्या कडा भरून जातात आणि शिल्पकाराचं काम रंगाखाली गाडलं जातं.

जयंतीला हार, दूध, गुलाल?

दुधातलं आम्ल आणि साखर फटींत राहते, मुंग्या लागतात, डाग पडतात. अभिषेक करायचाच असेल तर पाण्याचा. गुलाल ओल्या पुतळ्यावर टाकू नका. शिडी पुतळ्याच्या हाताला टेकवू नका. पुढे केलेला हात हा सगळ्यात कमजोर सांधा असतो. चबुतऱ्याच्या मागे कायमचा जिना बांधून घ्या आणि हारासाठी स्टेनलेस स्टीलचा आकडा ओतकामाच्या वेळीच ठेवायला सांगा.

मुलाला शिल्पकार व्हायचं आहे. कुठून सुरुवात करावी?

दहावीपर्यंत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा. बारावीनंतर मुंबईच्या जे. जे. सारख्या संस्थेत शिल्पकलेची पदवी. पण त्याआधी शाडू आणून द्या आणि घरातल्या माणसांचे चेहरे करायला सांगा, संगणकावर नव्हे, हाताने. गणपतीच्या कारखान्यात एक हंगाम काढला तरी मातीची ओल, साच्याची सुटण आणि वेळेचं बंधन कळतं. करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. तिथे त्यांच्या घरातलं शिल्पसंग्रहालय मुलाला एकदा दाखवून आणा, आणि शिल्पांभोवती चारी बाजूंनी फिरायला सांगा.